एका घरात दोन जाती: सोलापूरच्या कैकाडी बाईचं सरकारला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग
मा. मंत्री, इतर मागास बहुजन कल्याण विभाग

विषय: कैकाडी बाईची जात जिल्हा बघून आणि बाप बघून ठरवली जाते, त्याबाबत.

महोदय,

माझी धाकटी बहीण 1991 साली लग्न होऊन अकोला जिल्ह्यात गेली. आम्ही कैकाडी, तिच्या सासरचेही कैकाडी. दोन्ही घरी तुराट्यांच्या टोपल्या, डाली, कणग्या विणायचे. घरात बोलायची भाषा एकच, म्हणून तर नव्या नवरीला सासरी रुळायला चार दिवसही लागले नाहीत. आज तिच्या घरात चार माणसं आहेत. नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्याकडे अनुसूचित जातीचे दाखले आहेत. तिच्याकडे नाही. सरकारी कागदांनुसार ती विमुक्त जातीची, म्हणजे इंग्रजांनी एकेकाळी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जातींपैकी, आहे. ज्या दोन लेकरांना तिने जन्म दिला, त्यांची जात एक आणि त्यांच्या आईची दुसरी.

हे आम्हाला कळलं ते गावच्या निवडणुकीमुळे. ग्रामपंचायतीची एक जागा अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव निघाली. माझी बहीण पंधरा वर्षं बचत गट चालवते, गावातल्या बायकांचे बँकेचे फॉर्म भरून देते, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेते. बायकांनीच तिला म्हटलं, तू उभी राहा. ती दाखला काढायला गेली. खिडकीतल्या साहेबांनी सांगितलं, जात बापाकडून येते, तुमचे वडील सोलापूरचे आणि सोलापूरचा कैकाडी अनुसूचित जातीत नाही. तिने विचारलं, मग मी इथे राहते, मतदान इथे करते, मरेनही इथेच, तरी? उत्तर आलं, तरी. तिने लेखी अर्ज दिला, त्यावर दोन ओळींचं नकाराचं पत्र आलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. मी त्या साहेबांना दोष देत नाही. यादीत जे लिहिलंय, तेच त्यांनी सांगितलं.

माझा राग यादीवर आहे, आणि जे ती इतकी वर्षं तशीच ठेवतात त्यांच्यावर आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. इतर लोकांनीही ते वाचावं, कारण कैकाडी नसलेल्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी हा शब्द आहे, पण कंसात जिल्हे आहेत: अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर. म्हणजे जुना विदर्भ. 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला तेव्हा हे जिल्हे मध्य प्रदेशात होते. त्या राज्याच्या यादीत कैकाडी होते, मुंबई राज्याच्या यादीत नव्हते. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून एकटा तालुका वगळला गेला. 1956 साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला. 1976 साली संसदेने कायदा करून अशी कितीतरी क्षेत्रीय बंधनं काढून टाकली. कैकाडींचं बंधन मात्र राहिलं. राज्यांच्या सीमा पुसून सत्तर वर्षं होत आली, पण त्या सीमा अजून आमच्या बायकांच्या कपाळावर आहेत. सोलापूरहून कर्नाटकाची हद्द एसटीने तासाभरावर आहे. पलीकडे आमचेच भाऊबंद कोरमा म्हणून अनुसूचित जातीत आहेत. तेलंगणात गेलं तर ते येरुकला, आणि तिथे अनुसूचित जमातीत. आम्ही सोलापूरकर तेवढे कुठेच नाही.

आता कोणी म्हणेल, विमुक्त जातींनाही शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण आहे की. आहे, विमुक्त जाती (अ) म्हणून 3 टक्के आहे, आणि ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. माझी मुलगी त्याच्याच आधाराने शिकली. पण पंचायतीत, जिल्हा परिषदेत विमुक्तांना वेगळी जागा नाही, नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या, म्हणजे ओबीसींच्या, गर्दीत उभं राहावं लागतं. विधानसभेत आणि लोकसभेत तेवढंही नाही. आणि तिसरी गोष्ट आरक्षणाहून मोठी आहे. ती सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी माझ्या चुलत भावाची सून एका गावच्या आठवडी बाजारात टोपल्या घेऊन बसली होती. शेजारच्या दुकानातल्या बाईचं पैशांचं पाकीट सापडेना. चार माणसं आली आणि थेट हिच्याकडे वळली. बाजारात दोनशे माणसं होती, पण कैकाडी ही एकच. तिच्या पदराला हात घातला, टोपल्या तुडवल्या, जातीचं नाव घेऊन जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. पाकीट नंतर दुकानातच गल्ल्याखाली सापडलं. आम्ही ठाण्यात गेलो. अ‍ॅट्रॉसिटी लावा म्हटलं, तर ठाणे अंमलदाराने विचारलं, तुम्ही एससी की एसटी? विमुक्त म्हटल्यावर त्याने एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, फाडून हातात दिली आणि कोर्टात जा म्हणाला.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात चारचौघांत जातीवरून शिवीगाळ हा गुन्हा आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आरोपीला अटकपूर्व जामिनाची वाट बंद असते, पीडितेला अर्थसाहाय्य मिळतं. 2015 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांवरच्या अत्याचारांची कलमं आणखी स्पष्ट झाली. त्या दिवशी बाजारात माझ्या भावाच्या सुनेजागी अकोल्याची माझी भाची बसलेली असती, तर हे सगळं लागू झालं असतं. आणि भाचीला त्यासाठी अकोल्यातच असावं लागत नाही. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं आहे की माणूस आपलं राज्य सोडून दुसरीकडे गेला म्हणून या कायद्याचं संरक्षण संपत नाही. दिवाळीला भाची माझ्याकडे सोलापूरला येते. ती आणि माझी मुलगी हात धरून बाजारात जातात. दोघींची आजी एक, रंग एक, दोघींना पडली तर शिवीही एकच पडेल. त्या शिवीतून कायदा एकीला वाचवील आणि दुसरीला कोर्टात जा म्हणेल. संविधानाचं 14 वं कलम मी अंगणवाडीतल्या आयांना सोप्या भाषेत समजावून सांगत आले आहे. माझ्या मुलीला ते कसं समजावू, ते मला सुचत नाही.

आम्हाला चोर समजण्याची ही सवय आली कुठून, तेही सांगते, कारण तुमच्या दप्तरातूनच आली आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जन्माने सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा जन्माने गुन्हेगार, असा त्यामागचा विचार. 1911 नंतर तो मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात गिरण्यांच्या आसऱ्याने सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्यांना कोंडून ठेवायची वसाहत, उभी राहिली. माझ्या आज्जीचा जन्म त्या काटेरी तारांच्या आतला. ती सांगायची, गिरणीचा भोंगा झाला की बाहेर, पाळी सुटली की आत, आणि आत शिरताना मोजणी. सोयऱ्यांच्या लग्नाला जायचं तरी पास लागायचा. बाळंत झालेल्या बाईचंही पोर मोजलं जायचं. मोठ्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला होता. आज्जीच्या थोरल्या भावाला असंच नेलं होतं. तो परत आला तेव्हा घरची भाषा विसरला होता.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून गेला. आमच्या वस्तीचं नाव पडलं सेटलमेंट फ्री कॉलनी. या नावातला ‘फ्री’ शब्द आज्जी फार जपून उच्चारायची. पण 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि ठाण्याच्या वहीत आमची नावं नव्या मथळ्याखाली आली. अजूनही घरफोडी झाली की पहिली जीप आमच्या गल्लीत येते. पुरुष आधीच पांगतात, म्हणून बायकांना उचलून नेतात. ठाण्याच्या ओट्यावर तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बायका मी लहानपणापासून बघत आले आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतला जातिभेद रद्द केला, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. तो निकाल आमच्या ठाण्यात कोणी वाचला असेल, असं मला आमच्या भावाच्या सुनेच्या प्रकरणात तरी दिसलं नाही.

आता कागदांविषयी. विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांना गुन्हेगार जमातींचा कायदा असेपर्यंत पासाशिवाय तारेबाहेर पडता येत नव्हतं आणि पडल्यावर कोणी गावात ठरू देत नव्हतं, त्यांच्याकडे मधल्या थोड्या वर्षांत सातबारा, शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती कुठून येणार? आमच्या घरात जो पुरावा चालला, तो होता सेटलमेंटच्या नोंदवहीचा उतारा. आजोबांना ज्या पानावर गुन्हेगार म्हणून लिहिलं, त्याच पानाने त्यांची जात सिद्ध झाली. त्या पानावर आजोबांचं नाव आहे, बापाचं नाव आहे, जात आहे. आज्जीच्या जागी लिहिलंय, बायको एक. तिचं नावही नाही. ते पान बघून मी घरी आले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि हीच रीत अजून चालू आहे. बाईने लग्नानंतर दाखला मागितला की माहेरचे कागद आणा. माहेर कर्नाटकात, मराठवाड्यात, कुठेही असो. बाप वारला, भावाशी बोलणं नाही, लग्नानंतर नाव बदललं, शाळेत नाव एक, आधारवर दुसरं, मतदार यादीत तिसरं. टाकलेल्या बाईचे आणि विधवेचे हाल तर विचारू नका. आपल्या राज्यात पंचायतींत बायकांना 50 टक्के जागा आहेत याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईने मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर तिचं पद जातं. मी दोन बायकांची पदं अशी गेलेली पाहिली. दोघी खऱ्या कैकाडी होत्या, दोघींचे भाऊ कागद द्यायला तयार नव्हते, कारण वडिलांच्या जागेत हिस्सा मागेल ही भीती.

माझ्या मुलीने मला अमेरिकेतली एक गोष्ट वाचून दाखवली. तिथे 1907 च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. बायकांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर 1922 साली तो कायदा सुधारला, पण आशियाई माणसाशी लग्न केलेल्या बाईला त्यातून वगळलं, कारण वंशामुळे तो माणूस नागरिक होण्यास अपात्र होता. तिला आणखी नऊ वर्षं, 1931 पर्यंत थांबावं लागलं. मुलगी म्हणाली, आई, तिथे नवऱ्याचा वंश बायकोला चिकटत होता, इथे मावशीला बापाचा जिल्हा चिकटलाय. बाई स्वतः कुठली, हे कोणी विचारतच नाही. तिचं ते बोलणं ऐकल्यावर मी हे पत्र लिहायला बसले.

एक गोष्ट आमच्या माणसांनाही सांगते, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं ठरेल. आमच्या जात पंचायतीनेही बायकांना कमी छळलेलं नाही. दंड, बहिष्कार, बाईचं म्हणणं न ऐकता दिलेला निवाडा, हे मी घरात सोसलं आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा झाला तेव्हा आम्ही काही बायकांनी वस्तीत पेढे वाटले आणि पंचांच्या शिव्या खाल्ल्या. पण विचार करा, पंचांविरुद्ध ज्या बाईला ठाण्यात जायचं आहे, तिला त्याच ठाण्यात जन्मजात चोर समजत असतील, तर ती जाईल कुठे? पंच हे ओळखून आहेत. सरकार जितकं आम्हाला परकं धरतं, तितकी पंचांची पकड घट्ट होते.

मी 32 वर्षं अंगणवाडी सेविका होते. दर महिन्याचा अहवाल भरताना लेकरांची संख्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशी मांडायची असायची. माझ्या अंगणवाडीतली निम्म्याहून जास्त मुलं कैकाडी, वडार, टकारी, कंजारभाट अशी. ती सगळी मी ‘इतर’मध्ये लिहिली. वजन कमी भरलेली, ताप न उतरलेली, सगळी इतर. वर बसून आकडे बघणाऱ्या माणसाला विमुक्तांची किती मुलं कुपोषित आहेत, हे कधी दिसलंच नाही. जनगणनेतही स्वातंत्र्यानंतर तेच झालं. बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगाने 2008 साली देशातल्या भटक्या-विमुक्तांची संख्या सुमारे 11 कोटी असल्याचा अंदाज दिला. रेणके आमच्याच सोलापूरचे. पुढे भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. दोन्ही अहवाल मराठी माणसांनी लिहिले, पण मोजणी अजून अंदाजावरच आहे.

तर आमचं मागणं असं आहे.

कैकाडींवरचं क्षेत्रीय बंधन उठवावं. अनुसूचित जातींची यादी बदलणं 341 व्या कलमाप्रमाणे संसदेचं काम आहे, हे आम्ही जाणतो. पण शिफारस राज्यातून जाते. ती पाठवली असेल तर कोणत्या तारखेला पाठवली, सोबत कोणता अभ्यास जोडला आणि दिल्लीने काय कळवलं, हे जाहीर करा. पाठवली नसेल, तर पाठवा. यादी वाढली म्हणून आधीच्या जातींचं ताट हिसकावलं जाऊ नये, त्या प्रमाणात जागाही वाढाव्यात, हेही त्यात लिहा. आम्हाला कोणाशी भांडण नको आहे.

बंधन उठेपर्यंत निदान लग्न होऊन विदर्भात गेलेल्या आणि तिथेच हयात काढलेल्या कैकाडी स्त्रियांसाठी मार्ग काढा. मूळ आदेश बदलल्याशिवाय काहीच होणार नाही असं तुमचा विधी विभाग म्हणत असेल, तर तसं कारणांसहित लेखी द्या, म्हणजे आम्हाला न्यायालयात जाता येईल.

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसांना, विशेषतः बायकांना, जातीच्या नावाने शिवीगाळ, अंगावर हात टाकणं, चोरीच्या संशयावरून झडती आणि मारहाण याविरुद्ध राज्याने स्वतःचा कायदा करावा. सामाजिक बहिष्काराचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला. हाही करता येईल. आणि 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल मराठीत करून प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावा. संध्याकाळनंतर आमच्या बायकांना ठाण्यात बसवून ठेवणं तातडीने थांबवा.

दाखल्यासाठी बाईकडून केवळ बापाचे कागद मागू नका. आईकडचे, आत्याचे, मावशीचे कागद धरा. काहीच नसेल तर वस्तीत येऊन चौकशी करा, भाषा विचारा, देवक विचारा. वेगळ्या जातींच्या आईबापांच्या मुलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच म्हटलं आहे की बापाची जात हा नुसता अंदाज आहे, मूल कोणत्या समाजात वाढलं तेही बघावं लागतं. मग आईबाप दोघंही कैकाडी असताना तुम्ही इतके कडक का?

जातनिहाय जनगणना होणार असल्याचं केंद्राने 30 एप्रिल 2025 ला जाहीर केलं. तिच्यात विमुक्त-भटक्यांची वेगळी नोंद व्हावी यासाठी राज्याने आग्रह धरावा, आणि अंगणवाडीच्या अहवालातही आमचा रकाना वेगळा करावा. हे दुसरं काम तुमच्या हातातलं आहे, त्याला दिल्ली लागत नाही.

बहिणीच्या गावची ती निवडणूक होऊन गेली. ती आता पुढच्या वेळेचं बोलते. नकाराचं पत्र तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मुलांच्या दाखल्यांच्या खालीच, ट्रंकेत ठेवलं आहे. तिच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख या पत्राच्या तुमच्याकडे पाठवलेल्या प्रतीवर लिहिली आहे. 31 ऑगस्टला विमुक्त दिनाचे कार्यक्रम होतात, त्याच्या आत उत्तर द्यावं. उत्तर माझ्या पत्त्यावर नको, तिच्या पत्त्यावर आणि तिच्या नावाने द्या.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
सेटलमेंट फ्री कॉलनी, सोलापूर